बाजेखालची शेगडी आणि तुझा शिक्का

दिगू, तुझं तेरावं आटोपलं आणि पुढच्याच आठवड्यात ती वस्तू आपल्या घरात आली. खोक्यावर कमळ, कमळावर झोपलेलं बाळ, आणि खाली सोनेरी अक्षरांत 'शुभ धूपयंत्र'. मी तांदूळ निवडत बसले होते. नाव वाचलं आणि ताट बाजूला सारलं. ह्या वस्तूला तू नाही म्हटलं होतंस. माझ्याच घरात, माझ्यासमोर बसून.

मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहा म्हणून मला सांगितलंय. जन्म, शिक्षण, नोकरी हे सगळं तुझा मुलगा लिहील. मी चौथी शिकलेली बाई, मला तुझ्या पदव्यांची नावंही धड सांगता येत नाहीत. मला जे बोलायचं ते तुझ्याशीच बोलायचं आहे. बाकीच्यांनी ऐकलं तर बरंच, कारण त्यांच्याही घरी लेकी-सुना बाळंत होतात.

आपल्या निखिलच्या बायकोला, सायलीला, मुलगा झाला. तू गेलास त्याच आठवड्यात. घरात सुतक आणि सोयर एकदम आलं, आणि कुठल्या कारणानं कोणाला शिवायचं नाही हेच कोणाला कळेना. निखिल म्हणाला, "आजी, दोन्ही मिळून कॅन्सल होतं का गं?" तू असतास तर हसला असतास. मी हसले नाही, पण मनात नोंद केली की हे दिगूला सांगायचं. मग आठवलं, की दिगूच नाही. असं अजून होतं. भाजी फोडणीला टाकताना होतं. त्याचं काही करता येत नाही.

तू काय काम करायचास ते आपल्या नात्यातल्या कोणाला शेवटपर्यंत समजलं नाही. मलाही उशिराच समजलं. कारखान्यातून रिटायर झालास आणि चिक्कडपल्लीत आमच्या मागच्या गल्लीत एक खोली घेऊन बसलास, तेव्हा मला वाटलं रेडिओ दुरुस्त करशील. मग रविवारी चहाला येताना एकेक विचित्र वस्तू घेऊन यायला लागलास. विजेची कुठलीही वस्तू विकायची तर तिची तपासणी होते, तिच्यावर सरकारी शिक्का लागतो, एवढं मला इस्त्री घेताना माहीत होतं. तू सांगितलंस की इस्त्रीचा नियम वेगळा, दिव्याचा वेगळा, खेळण्याचा वेगळा. सरळ वस्तूचं सरळ असतं. पण जी वस्तू कशातच बसत नाही, ती कुठल्या नियमात धरायची? ते विचारायला लोक तुझ्याकडे यायचे. शिक्का तुझा नव्हता, दिल्लीच्या ऑफिसचा होता. कुठल्या दारातून आत जायचं, तेवढं तू सांगायचास. "चुकीच्या दारातून गेलं ना वहिनी," तू म्हणायचास, "की परीक्षा सोपी होते, आणि नको ती वस्तू पास होऊन बाहेर येते."

एकदा नवरदेवाचा फेटा आणलास. नामपल्लीच्या प्रदर्शनात विकायला कोणीतरी बनवला होता. चारी बाजूंनी लुकलुकणारे दिवे, आणि मागे मानेवर बॅटरी. तो माझ्या पिकल्या डोक्यावर ठेवलास आणि विचारलंस, "सांग वहिनी, हा कपडा की दिवा?"

"हा बावळटपणा," मी म्हटलं.

"बावळटपणाला नियम नाही. पण बॅटरीला आहे. बॅटरी फेट्यात घाला नाहीतर पाळण्यात घाला, तिचा नंबर वेगळा. आणि तो तिच्यापुरताच. बॅटरी पास झाली म्हणून फेटा पास झाला असं होत नाही. लोक इथेच फसतात."

मी तो फेटा काढून तुझ्या डोक्यावर ठेवला आणि तू तसाच चहा प्यालास. ते लुकलुकणारं ध्यान अजून डोळ्यांसमोर आहे.

एकदा बतुकम्मा आणलीस, नवरात्रात इथल्या बायका फुलांची उतरंड रचून भोवती फेर धरतात ती, पण प्लास्टिकच्या फुलांची, फिरणारी आणि गाणारी. बनवणारा म्हणत होता, ही शोभेची. तू म्हणालास, पोरं हिला हात लावल्याशिवाय राहतील का? मग खेळणं धरूनच तपासा. तुझे प्रश्न ठरलेले असायचे. हात कोण लावणार, ठेवणार कुठे, आणि विसरलं तर काय होणार. ह्या शेवटच्या प्रश्नाचा मला फार कंटाळा यायचा. दूध गॅसवर ठेवलं तरी तू विचारायचास, विसरलं तर?

हा प्रश्न तुला कुठे लागला ते मला माहीत आहे. गौलीगुड्याच्या घरात माझं पहिलं बाळंतपण. बाजेखाली कोळशाची शेगडी, वर ओवा आणि बाळंतशेपा टाकलेला, बाजेवरून चारी बाजूंनी गोधडी खाली सोडलेली, म्हणजे शेक बाहेर जायला नको. सासूबाईंनी तुला पाण्याचा तांब्या देऊन शेगडीशी बसवलं होतं. तू चड्डीत होतास. घामानं निथळत मला विचारलंस, "वहिनी, मी उठून गेलो आणि विसरलो तर?" मी म्हटलं, "विसरलास तर कान उपटीन." तू उठला नाहीस. लघवीलासुद्धा गेला नाहीस, शेवटी तिथेच केलीस. हे मी तुझ्या लग्नात सगळ्यांसमोर सांगितलं तेव्हा तू दोन महिने बोलला नव्हतास माझ्याशी. आता पुन्हा सांगते. आता कुठे रुसून जाशील?

तर ती वस्तू. तुझ्या शेवटच्या रविवारी रमेश ती घेऊन आला होता. गौलीगुड्यात ज्याच्या वडिलांचं बाळंतिणीच्या सामानाचं दुकान, डिंक-अळिवापासून धुरीपर्यंत सगळं मिळतं, तो रमेश. तुझी खोली रविवारी बंद, म्हणून तुला शोधत आमच्याकडे आला. पितळेसारखा रंग दिलेली प्लास्टिकची चपटी शेगडी. आत विजेची तार तापते, वर ओव्याची वाटी, पंखा धूर पसरवतो, बाळासाठी अंगाई वाजते, आणि लाइट गेली तर अंगाई थांबू नये म्हणून आत बॅटरी. मला आवडली ती. खरं सांगते, दिगू, मला फारच आवडली.

"काका, हे धूपदान आहे," रमेश म्हणाला. "पूजेच्या सामानात घालून द्या."

"धूपदान देवापुढे ठेवतात. हे कुठे ठेवणार?"

"पलंगाखाली."

"मग पलंगावर कोण झोपणार, देव का?"

रमेश हसला. तू हसला नाहीस. "रमेश, ही धुरी देणारी असू दे, गाणारी असू दे. माणसाला शेक द्यायला बनवलीस ना? मग हा हीटर आहे. हीटरच्या दारातून जा."

"हीटर म्हणाल तर मी मेलो काका. आतलं सगळं बदलावं लागेल, तपासणीत अडकेल, सीझन हातचा जाईल."

"बाळंतपणाला सीझन असतो होय रे?" मी विचारलं.

"थंडीत जास्त विकेल ना, आजी. आणि काका, काई को परेशान होता? एकदम सेफ आहे. जास्त तापली की आपोआप बंद होते."

"आणि गार झाली की?"

"आपोआप परत चालू. बाळंतिणीला उठायला नको."

मग तू ती शेगडी माझ्या पलंगाखाली ठेवलीस, वरून माझी गोधडी चारी बाजूंनी खाली सोडलीस, अगदी सासूबाई सोडायच्या तशी, आणि म्हणालास, "आता विसरू या." आम्हाला चहा प्यायला बसवलंस. निखिलची बढती, तुझे दात, रमेशच्या बहिणीचं लग्न, असं काहीबाही बोलत बसलो. मधूनच पलंगाखाली टक् वाजायचं. बंद झाली. थोड्या वेळानं पुन्हा टक्. चालू झाली. अंगाई चालूच. प्रत्येक टक्ला तू रमेशकडे बघायचास, आणि तो बिस्किटाकडे. मग वास आला. गोधडी उचलली तर तिचा काठ तपकिरी झाला होता, आणि शेगडीचा एक पाय मऊ पडून आत वळला होता.

"कोणी एवढा वेळ ठेवतं का, काका?" रमेश म्हणाला.

"विसरणारा ठेवतो," तू म्हणालास.

तो खोकं उचलून गेला. जाताना तुझ्या पाया पडला, माझ्या पडला नाही.

मग आपलं भांडण झालं. मी माझ्या गोधडीवरून चिडले होते हे एक, आणि खरंच मला तुझं पटत नव्हतं हे दुसरं. मी म्हटलं, "आपल्या सगळ्या पिढ्या कोळशावर शेकल्या. कोळशाला कुठला शिक्का होता रे?"

"कोळशाजवळ माणूस बसायचं, वहिनी. आणि कोळसा आपला आपण विझतो. परत आपोआप पेटत नाही."

"मग ह्याच्याजवळही बसतील."

"बसायला माणूस नाही म्हणून तर हे विकत घेणार."

तुझं बोलणं बरोबर होतं, म्हणून मी दुसरीकडून धरलं. "आणि शिक्का मारला म्हणजे आग लागत नाही का? लोखंडाला ऐकू येतं का तुझ्या शिक्क्याचं? नुसता ठप्पा तो."

तू चपला घालत होतास. वाकलेला होतास, मला तुझं डोकं दिसत होतं, मधोमध टक्कल. म्हणालास, "ह्याचं उत्तर आहे. पण तुला उभ्या-उभ्या सांगून पटणार नाही. पुढच्या रविवारी सांगतो. आणि उद्या मला दुसरंही एक बघायचंय. तो पोरगा आता नाही ऐकणार, दुसऱ्या कोणाकडून पूजेचं सामान म्हणून लिहून घेईल. त्याच्या आधी शिक्क्याच्या इथल्या ऑफिसात जाऊन सांगायला पाहिजे."

सोमवारी तुला छातीत जड वाटलं आणि तू गेला नाहीस. बुधवारी गेलास, पण ऑफिसात नाही.

मी तुझ्यासाठी रडले की नाही ते लोक विचारतात. ते सोड. मला राग आला तुझा. उत्तर आहे म्हणून सांगायचं आणि निघून जायचं, ही कुठली रीत?

सायलीच्या आईनं पुण्याहून मोबाइलवर मागवून तीच शेगडी पाठवली. लेकीला शेक मिळावा, आणि ह्या वयात आजींनी कोळशाच्या धुरात बसू नये, असा चांगला विचार. माझ्याच गुडघ्यांची काळजी. मी खोकं उघडून आधी ती उलटी केली, तू शिकवलं होतंस तशी. पायांकडे आणि वायरीकडे बघितलं. तिथे शिक्का नव्हता. पाय मात्र आता धातूचे होते. तेवढंच शिकला रमेश. पाय वितळले म्हणून पाय बदलले.

"आजी, शिक्का कसा नाही? हा बघ," निखिलनं खोक्यावर बोट ठेवलं. दोन इंग्रजी अक्षरं छापली होती.

"ती परदेशच्या बाजाराची. आणि छापखान्यात ती कोणीही छापून देतं. दिगू सांगायचा."

मग त्यानं शेगडीच्या पोटातलं झाकण उघडलं, आत एक लांब नंबर सापडला. मोबाइलवर घालून बघितला. "निघाला! सरकारी साइटवर आहे. खरा आहे. झालं समाधान?"

"तो बॅटरीचा."

"काय?"

"तो नंबर बॅटरीचा आहे. बॅटरीपुरता. शेगडीचा कुठे आहे?"

त्यानं सायलीकडे बघितलं. सायलीनं बाळाकडे. फोनवर विहीणबाई होत्याच. "अहो आजी, हजारो लोकांनी चांगलं लिहिलंय हो त्याच्याबद्दल. आणि पूजेच्याच सामानात आहे ते, घातक असेल का?" त्या बिचाऱ्या गोड बोलत होत्या. मी म्हटलं, "हजारांतल्या कितींनी गोधडी सोडून बघितली?" त्यांना वाटलं मी त्यांच्या भेटीला नावं ठेवते आहे. फोन बंद झाल्यावर निखिल हळूच म्हणाला, "आजी, दिगूआजोबा गेले ना, म्हणून तुला सगळीकडे तेच दिसतंय."

असेलही. खरंच, मला तरी काय खात्री होती? पाय बदलले होते. आतलंही बदललं असेल. मी चौथी शिकलेली, आणि ज्याला विचारायचं तो नाही.

दोन-तीन दिवस ती पलंगाखाली चालली. सायलीच्या कमरेला बरं वाटलं. घरभर ओव्याचा वास, मला माझ्या बाळंतपणाची आठवण झाली. मग एका दुपारी मी पोथी वाचत होते. निखिल कामावर, सायली झोपलेली, बाळ तिच्या कुशीत. गॅलरीत कबुतरं, खाली भाजीवाल्याची गाडी, आणि मधेच, दाराच्या आतून, टक्.

पोथीतल्या ओळीवर बोट ठेवून मी थांबले. थोड्या वेळानं पुन्हा. टक्.

आत गेले. सायलीनं पाय गार पडू नयेत म्हणून चादर पलंगावरून खाली सोडली होती. शेकच तो, चादर सोडायचीच. कोणीही सोडेल, हे फक्त बाळंतिणीला माहीत असतं आणि तुला माहीत होतं. चादर उचलली, तोंडावर गरम वाफारा आला. अजून जळालं काही नव्हतं. ते खरं सांगते, वाढवून सांगत नाही. पण हात लावला तर पलंगाची फळी तापलेली होती, आणि फळीच्या वर ती दोघं.

भिंतीचं बटण बंद केलं. वायर उपसली. अंगाई थांबेना. बॅटरी होती ना, खऱ्या नंबरची. मी फडक्यात धरून ती गॅलरीत नेली, तिथे ती उन्हात गात बसली. कबुतरं उडाली. मला त्या क्षणी तुझ्यासाठी रडू आलं, सांगून टाकते, आणि त्याच क्षणी बाळही रडायला लागलं, त्यामुळे कोणाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती पिशवीत घालून गौलीगुड्याला गेले. रिक्षावाल्यानं विचारलं, अम्मा, गाणं कुठून येतंय? रमेशच्या दुकानात तीच खोकी छतापर्यंत रचलेली. कमळ, कमळावर बाळ, कमळ, कमळावर बाळ. त्यानं मला ओळखलं, खुर्ची दिली, तुझ्याबद्दल हळहळला. हळहळ खोटी नव्हती. म्हणाला, "काकांनी पायांचं दाखवलं नसतं तर मला कळलंच नसतं, आजी."

"त्यानं पाय दाखवले नव्हते रे. दार दाखवलं होतं."

"हौ, पण दुसऱ्या साहेबांनी पूजेच्या सामानात बसतं म्हटलं. मी नाही, साहेब म्हटले. आता मी काय करू?"

"परत घे सगळी."

त्यानं वर बघितलं, खोक्यांकडे. मग माझ्याकडे.

तेवढ्यात एक बाई आली, माझ्याच वयाची, सोबत पोटुशी मुलगी. डिंक घेतला, बदाम घेतले, आणि शेगडीकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, "मत लेओ बहन. पलंगाखाली तापते ती. जळेल."

त्या बाईनं पटकन मुलीच्या पोटावर पदर धरला. "ऐसी बातां नक्को करो अम्मा. शुभ काम को निकले हम." मुलीच्या डोळ्यांत भीती आली, शेगडीची नाही, माझी. पांढऱ्या केसांची विधवा बाई तिच्या पोटाकडे बघून जळायची गोष्ट करते आहे. रमेशनं खोकं बांधून दिलं. त्यानं माझी नजर चुकवली, पण गाठ व्यवस्थित मारली.

दिगू, तुझ्या धाकट्या पोरानं आता तुझ्या त्या ऑफिसात जायचं कबूल केलंय. माझ्याकडची ती गाणारी पिशवी त्याच्याकडे दिली आहे. जाईल. तिथे किती दिवस लागतात ते तुला माहीत. तोवर थंडी सुरू होईल, आणि रमेशचा सीझनही.

सायलीला शेक मीच देते. गॅलरीत कोळसे फुलवून, धूर गेल्यावर शेगडी पलंगाखाली आणते. खिडकी सताड उघडी, कारण कोळशावरूनही तू माझ्याशी भांडला असतास. गोधडी सोडते. आणि शेगडीशेजारी पाट घेऊन बसते, पाण्याचा तांब्या घेऊन. गुडघे दुखतात. बाळाचा बाप म्हणतो, आजी, उठ, मी बसतो. मी त्याला म्हणते, बस, पण मोबाइल बाहेर ठेवून.

बसल्या-बसल्या मला तुझं उत्तर मिळालं असं वाटतं. शिक्क्यानं आग थांबत नाही. पण ती वस्तू घरात यायच्या आधी कोणीतरी, कुठेतरी, गोधडी सोडून तिच्याजवळ बसलं होतं, आणि त्यानं विसरून बघितलं होतं, एवढंच शिक्का सांगतो. आपल्या जागी कोणीतरी बसून गेलं. हेच ना रे? चड्डीतल्या पोरासारखं, न उठता.

हे असेल तर मला पटलं. तू मला समोर बसून सांगितलं असतंस तर मी मान्य केलं नसतं, पण पटलं असतं.

आता कोळसे राखेला आलेत. सायली झोपली आहे. घर शांत आहे, टक् कुठे नाही. आणि तरी मी ऐकत बसते. दुकानातली ती पोटुशी मुलगी एव्हाना बाळंत झाली असेल. तिच्या पलंगाखाली ती ठेवली असेल, वरून चादर सोडली असेल, आणि तिची आई तिला म्हणाली असेल, झोप निवांत, हे आपोआप बंद होतं.

तिच्याजवळ कोण बसलंय, दिगू?